घामपट्टीच्या मागे

ऑनलाइन लिलावात विकायला ठेवलेल्या जुन्या फेल्ट हॅटच्या फोटोंचा क्रम सहसा ठरलेला असतो. आधी समोरून, मग बाजूने, मग माथ्यावरची घडी, आणि शेवटी हॅट उलटी धरून आतलं अस्तर आणि कातडी पट्टीवरचा सोनेरी ठसा. सगळा भर या शेवटच्या फोटोवर असतो. ठशात स्टेटसन, बोर्सालिनो, नॉक्स, डॉब्स असं एखादं नाव वाचता येतं, वर्णनात 'व्हिंटेज', 'अस्सल', 'चाळीसच्या दशकातली' असे शब्द असतात, आणि बोली सुरू होते. ज्याच्या हातात हॅट असते त्याला हॅटमधलं बहुतेकदा काही कळत नसतं. कुणाचं तरी घर रिकामं करताना निघालेल्या सामानातून ती त्याच्याकडे आलेली असते. ज्याला कळतं तो हजारो मैलांवर पडद्यासमोर बसलेला. वस्तू मात्र हाताने ओळखायची आहे. काठ चिमटीत धरला की फेल्टची घनता कळते, किंचित वाकवून सोडला की त्याचा ताठा कळतो, नाकाशी नेली की ओल आणि जुना घाम कळतो. यातलं काहीच हाताशी नसताना हॅटचा खरेपणा ठरवायचा कशावरून? माझं म्हणणं असं की, जो पुरावा आपल्याला पटवण्यासाठीच तिथे ठेवलेला आहे त्यावर कमीत कमी विसंबावं, आणि जो कुणाला दाखवण्यासाठी नव्हताच त्याला जास्तीत जास्त मान द्यावा. सोनेरी ठसा पहिल्या प्रकारात मोडतो. दुसऱ्या प्रकारचा पुरावा त्याच पट्टीच्या मागे, कातडं आणि फेल्ट यांच्यामधल्या बोटभर फटीत असतो, आणि विक्रेत्याच्या फोटोंत तो जवळजवळ कधीच नसतो.

आधी ठशाबद्दल बोलू, कारण बहुतेक पैसे त्याच्याच भरवशावर मोजले जातात. जॉन बी. स्टेटसनने १८६५ साली फिलाडेल्फियात हॅटचा धंदा सुरू केला आणि पुढे त्या कारखान्यातून वर्षाला लाखो हॅट बाहेर पडू लागल्या. तिथलं उत्पादन १९७१ मध्ये थांबलं. नाव मात्र थांबलं नाही. ते परवान्याने दुसऱ्यांकडे गेलं आणि त्या नावाची नवी हॅट आजही दुकानात मिळते. आपल्या हॅटमधून घोड्याला पाणी पाजणाऱ्या काउबॉयचं जे चित्र जुन्या स्टेटसनच्या अस्तरावर असतं, ते नव्या स्टेटसनमध्येही असतं. म्हणजे नाव आणि चित्र यांवरून फार तर घराणं कळतं, काळ कळत नाही. ठशातली एक्सची अक्षरंही तशीच. तीन एक्स, पाच एक्स, दहा एक्स, यांवरून फेल्टमध्ये बीव्हरची लव किती हे कळावं अशी मूळ कल्पना. पण एक्स मोजण्याचा सगळ्यांना बांधील असा कुठलाही मापदंड नाही. प्रत्येक कंपनी आपल्यापुरता तो ठरवते, आणि काळ गेला तशी एक्सची संख्या वाढत गेली, लवेचा दर्जा त्या प्रमाणात वाढला नाही. पाऊणशे वर्षांपूर्वीच्या तीन एक्सच्या हॅटचं फेल्ट आजच्या तितक्याच एक्सच्या हॅटहून कितीतरी सरस असतं. संख्येकडे पाहून बोली वाढवणारा माणूस अशा वेळी बरोबर उलटी चूक करतो.

याहून बोलका दाखला स्टीफन एल. स्टेटसन या कंपनीचा आहे. ही निराळी कंपनी. नावात तेच आडनाव, धंदा तोच. जॉन बी. स्टेटसन कंपनीने तिला कोर्टात खेचलं. प्रकरण १९३० च्या दशकात अमेरिकेच्या अपील न्यायालयापर्यंत गेलं, आणि आडनाव वापरायचं तर जॉन बी. स्टेटसन कंपनीशी आपला संबंध नाही हे सोबत छापलं पाहिजे, अशी अट त्या कंपनीवर आली. त्या हॅट आता लिलावात येतात. त्या जुन्या आहेत, त्यांवरचा 'स्टेटसन' हा शब्द खरा आहे, ठसा त्या काळचाच आहे. वर्णन लिहिणारा ती बारीक ओळ वाचत नाही किंवा फोटोत ती अंधुक येते, आणि घेणारा भलतीच वस्तू घरी आणतो. इटलीतही असंच घडलं. अलेस्सांद्रिया गावात जुझेप्पे बोर्सालिनोने १८५७ साली सुरू केलेल्या कारखान्याला विसाव्या शतकाच्या आरंभी घरातूनच प्रतिस्पर्धी उभा राहिला. पुतण्याने वेगळं होऊन 'बोर्सालिनो फू लाझारो' या नावाने हॅट विकायला सुरुवात केली आणि काही दशकं एकाच गावातून दोन बोर्सालिनो जगभर जात राहिल्या. दोन्ही खऱ्या, दोन्ही चांगल्या, पण एक म्हणजे दुसरी नव्हे. या उदाहरणांत नकली माल कुणीच बनवलेला नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. साध्या जुन्या हॅटची किंमत तिची हुबेहूब नक्कल करण्याच्या खर्चाला पुरणारी नसतेच. जुन्या हॅटच्या बाजारात खोटेपणा शिरतो तो जास्त करून चुकीच्या वाचनातून. म्हणून 'एवढ्याशा वस्तूची नक्कल कोण कशाला करेल?' हा नेहमीचा प्रश्न खरा असूनही निरुपयोगी आहे. नक्कल कुणी केली नाही याने वर्णन बरोबर ठरत नाही.

मराठी वाचकाला हा भेद नव्याने समजावून सांगायची गरज पडू नये. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधनं खंडाखंडाने छापली, तेव्हा त्यांचा सगळा आग्रह याच भेदासाठी होता. बखर सांगण्यासाठीच लिहिलेली असते. तिच्यापुढे श्रोता असतो, तिला कुणाचा तरी मोठेपणा राखायचा असतो. उलट, अमुक गावी दाणा-वैरण पोचली का, तमुक स्वाराचा पगार किती महिने थकला, असल्या कामाच्या चिठ्ठीला शंभर-दोनशे वर्षांनी कुणी आपल्याला वाचेल याची कल्पनाही नसते. म्हणूनच तारखेचा घोळ सोडवायला ती चिठ्ठी बखरीपेक्षा जास्त उपयोगी पडते. बखर टाकाऊ असते असा याचा अर्थ नाही. तिच्यातलं कुठलंही विधान दुसरीकडून आधार मिळेपर्यंत गृहीत धरायचं नाही, एवढाच. हॅटचा सोनेरी ठसा ही कारखान्याची बखर आहे. घामपट्टीमागे सापडतात त्या कामाच्या चिठ्ठ्या.

तिथे नेमकं काय असतं ते जरा जवळून पाहायला हवं. डोक्याला हॅट जिथे टेकते तिथे आतून कातड्याची दोनेक बोटं रुंद पट्टी शिवलेली असते. घाम फेल्टपर्यंत जाऊ नये हे तिचं काम. चांगल्या हॅटमध्ये ही पट्टी थेट फेल्टला शिवत नाहीत. तिच्या खालच्या कडेला सुतळीएवढी बारीक, पोकळ गोट असते आणि टाके त्या गोटीतून जातात. पट्टीचा सांधा मागच्या बाजूला येतो आणि तिथे नखाएवढा फितीचा बो असतो. अंगठ्याने ही पट्टी हलकेच बाहेर उलटवली की तिच्या पाठीवर आणि समोरच्या फेल्टवर ज्या खुणा दिसतात त्या ग्राहकासाठी नव्हत्या. मापाचा कागदी तुकडा असतो, काही वेळा त्यावर कारखान्याच्या आतल्या नोंदीचे आकडे असतात. माप स्वतःच बोलतं. अमेरिकन ७ १/८ म्हणजे सुमारे ५७ सेंटिमीटर, आणि तेच डोकं ब्रिटिश मापात ७ होतं. इंग्लंडमध्ये विकली गेलेली म्हणून सांगितलेल्या हॅटमध्ये अमेरिकन माप निघालं तर कुठेतरी गोष्ट चुकली आहे. कातडं वाळून आकसतं, फेल्टही आकसतं, त्यामुळे हॅट आज मोजली तर छापील मापापेक्षा लहान भरते. छापील माप आणि आजचं माप यांतला हा फरक जुन्या हॅटच्या बाजूनेच बोलतो. आणि नशीब असेल तर तिथे एक छोटं लेबल सापडतं, टपाल तिकिटासारख्या दातेरी कडांचं, पिवळं पडलेलं. ते कामगार संघटनेचं असतं.

अमेरिकेत 'युनायटेड हॅटर्स ऑफ नॉर्थ अमेरिका' ही फेल्ट हॅट बनवणाऱ्यांची संघटना होती. कापडी टोप्या आणि स्त्रियांच्या हॅट बनवणाऱ्यांची संघटना वेगळी होती. १९३४ साली दोन्ही एकत्र आल्या आणि नव्या संघटनेचं नाव लेबलावर आलं. ही संघटनाही १९८३ मध्ये कापड-उद्योगातल्या मोठ्या संघटनेत विलीन झाली. म्हणजे लेबलावर जुनं नाव असेल तर हॅट १९३४ च्या आसपासची किंवा आधीची, आणि जोडनाव असेल तर १९३४ ते १९८३ च्या दरम्यानची. पन्नास वर्षांचा पट्टा रुंद आहे हे कबूल. पण वर्णनात 'वीसच्या दशकातली' असं ठासून लिहिलेलं असताना हे जोडनाव दिसलं, तर वाद तिथेच मिटतो. पत्त्यांचंही असंच. अमेरिकेत मोठ्या शहरांच्या नावापुढे टपाल विभागाचा एक-दोन आकडी क्रमांक लिहायची पद्धत १९४३ पासून सुरू झाली आणि पाच आकडी झिप कोड १९६३ मध्ये आला. दुकानाच्या चिठ्ठीवर झिप कोड असेल तर ती चिठ्ठी त्याआधीची असूच शकत नाही. हॅटच्या गोल खोक्यावरही असे पत्ते असतात, पण खोक्यावर विश्वास ठेवताना जपून, कारण खोकी आणि हॅट यांची अदलाबदल घरोघर होते.

हे लेबल निव्वळ कालगणनेची खूण म्हणून वापरताना मला थोडं अपराधी वाटतं, कारण त्यामागे फार मोठी झुंज आहे. कनेटिकट राज्यातलं डॅनबरी हे हॅट बनवणाऱ्यांचं गाव. तिथल्या लोवे कंपनीने संघटनेला मान्यता नाकारली, म्हणून १९०२ मध्ये संप झाला आणि संघटनेने देशभर त्या कंपनीच्या मालावर बहिष्कार पुकारला. कंपनी कोर्टात गेली. १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा बहिष्कार मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरवला, आणि १९१५ मध्ये भरपाईची जबाबदारी एकेका सभासदावर टाकणारा निकाल कायम झाला. रक्कम अडीच लाख डॉलरच्या आसपास होती. साध्या कामगारांच्या घरांवर आणि बँकेतल्या पुंजीवर जप्ती आली. घामपट्टीमागचा तो कागद म्हणजे ही हॅट संघटनेच्या दरांनी आणि अटींनी बनली आहे याची ग्वाही. मग तो दाखवण्यासाठी नव्हता असं कसं म्हणता येईल, असा आक्षेप इथे कुणी घेईल, आणि तो रास्त आहे. लेबल त्या काळच्या ग्राहकाला दाखवण्यासाठीच होतं; युनियनचा माल आहे का हे कामगारवर्गातला ग्राहक पट्टी उलटवून बघायचा. पण ते आजच्या संग्राहकाला दाखवण्यासाठी नव्हतं. हॅटचं वय सिद्ध करणं हा त्याचा हेतू कधीच नव्हता. कुठलाही पुरावा कशाच्या बाबतीत निरपेक्ष आहे आणि कशाच्या बाबतीत नाही, हे वेगळं विचारावं लागतं.

डॅनबरीचंच दुसरं एक दुःख त्या हॅटमध्येच मुरलेलं आहे. सशाची लव नीट गुंतावी म्हणून कातडी पाऱ्याच्या नायट्रेटने घासत. पुढच्या प्रत्येक गरम, ओल्या कामात ती वाफ कामगारांच्या छातीत जायची. हात थरथरत, बोलणं अडखळे, स्वभाव बदलून जाई; त्या थरथरीला गावाचंच नाव पडलं, 'डॅनबरी शेक्स'. अमेरिकेत फेल्टसाठी पाऱ्याचा वापर बंद करायला १९४१ चा डिसेंबर उजाडावा लागला. संग्रहालयांत आता जुन्या हॅट क्ष-किरण प्रतिदीप्तीच्या यंत्राने तपासतात, आणि हॅटला धक्का न लावता फेल्टमधला पारा ओळखता येतो. अमेरिकन हॅटमध्ये पारा सापडला तर ती त्या बंदीच्या आधीच्या लवेची असण्याची शक्यता दाट. सापडला नाही तर काहीच सिद्ध होत नाही, आणि दुसऱ्या देशांत बनलेल्या हॅटला ही तारीख लागू नाही. तरी यापेक्षा निरिच्छ साक्षीदार कोणता? हा पारा तिथे कुणाला काही पटवण्यासाठी नाही. तो कामगारांचं नुकसान करून फेल्टमध्ये राहिलेला अवशेष आहे. ज्यांच्याकडे असल्या जुन्या हॅट आहेत त्यांनी त्यांना वाफ देऊन आकार देताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि नंतर हात धुवावेत, हेही इथे सांगायला हवं. संग्राहकांत वाफ देण्याचं काम फार हौसेने केलं जातं.

आता सगळ्यात जोरकस आक्षेप. पट्टी तर शिवलेली असते, मग जुन्या, कसर लागलेल्या हॅटमधली पट्टी लेबलासकट काढून दुसऱ्या फेल्टला शिवता येणार नाही का? येते. काही वेळा कारागीर ते सद्भावनेने करतात, कारण हॅट वापरायची असते आणि मूळ पट्टी फाटलेली असते. म्हणून एकट्या लेबलावर सगळा निकाल लावणं ही एकट्या ठशावर लावण्यासारखीच घाई. पण पट्टी हलवणाऱ्याला एक गोष्ट जमत नाही: दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवणं. वर्षानुवर्षं कपाळाचा घाम कातड्यातून झिरपून फेल्टवर जो डाग पडतो, त्याची वरची रेघ सरळ नसते. समोर चढते, कानांपाशी उतरते. पट्टीच्या पाठीवरचा डाग आणि समोरच्या फेल्टवरचा डाग एकमेकांवर बसले पाहिजेत. टाक्यांची जुनी भोकं फेल्टमध्ये राहतात. टाके दुसऱ्यांदा घातले तर रिकामी भोकं शेजारी दिसतात. बाहेरून रिबीन जरा वर सरकवली की तिच्याखालचं फेल्ट उन्हापासून वाचलेलं असतं आणि त्याचा रंग हॅटच्या जन्माच्या वेळचा असतो. रिबीन बदललेली असेल तर तिची रुंदी आणि खालच्या गडद पट्ट्याची रुंदी जुळत नाही. कुठलीही एक खूण बनवता येईल. ठसा, लेबल, डाग, भोकं, रंग या पाचही गोष्टी एकाच हकिकतीला दुजोरा देतील अशा बनवायच्या म्हटलं तर साध्या हॅटसाठी ते कष्ट कुणी घेणार नाही. खरेपणाचा माझा निकष एवढाच आहे की, एकमेकांना न ओळखणाऱ्या साक्षीदारांच्या जबान्या जुळल्या पाहिजेत.

या सगळ्याला लिलावाच्या रचनेमुळे आणखी एक पेच पडतो. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन दाखवलं होतं की, विकणाऱ्याला दोष माहीत आणि घेणाऱ्याला नाही अशी स्थिती असेल तर चांगला माल बाजारातून मागे हटतो. हॅटच्या लिलावात बऱ्याचदा नेमकं उलटं असतं: घेणाऱ्यांपैकी एक-दोघांना माहीत असतं, विकणाऱ्याला नसतं. आणि ज्याला माहीत आहे त्याला ते लपवावंसं वाटतं. आल्विन रॉथ आणि अॅक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ साली ईबे आणि अॅमेझॉन इथल्या लिलावांची तुलना प्रसिद्ध केली. ईबेवर वेळ संपली की लिलाव संपतो, तर त्या काळच्या अॅमेझॉनवर शेवटच्या क्षणी बोली आली की मुदत वाढायची. ईबेवर शेवटच्या मिनिटांत बोल्यांची झुंबड जास्त, आणि त्यातही संगणकांपेक्षा जुन्यापुराण्या वस्तूंच्या लिलावांत जास्त, असं त्यांना आढळलं. कारण उघड आहे. जाणकाराने लवकर बोली लावली तर ती बोलीच बाकीच्यांसाठी प्रमाणपत्र ठरते. म्हणून तो गप्प राहतो. तोच विचार विक्रेत्याला प्रश्न विचारतानाही आडवा येतो: 'घामपट्टी उलटवून मागचा फोटो टाकाल का?' एवढं विचारलं की विक्रेता सावध होतो, फोटो सगळ्यांना दिसतो, आणि स्वस्तात मिळू शकली असती ती हॅट महाग पडते.

माझ्या मते तरीही विचारावं. न विचारणाऱ्याचं म्हणणं मला ठाऊक आहे: ज्ञान मेहनतीने मिळवलं आहे, त्याचा मोबदला मिळायला काय हरकत आहे? हरकत नाही. पण न विचारता घेतलेल्या हॅटबद्दल जाणकाराकडे असते ती अटकळ, आणि अटकळीला ज्ञानाचा भाव देऊन तो स्वतःचीच फसगत करून घेतो. शिवाय तो फोटो एकदा निघाला की ती नोंद सगळ्यांची होते. कुठल्या दुकानाचा कोणता ठसा कोणत्या लेबलासोबत आला, याचे तक्ते संग्राहकांनी अशाच फोटोंतून जमवले आहेत. छापील कंपनी-इतिहासांपेक्षा ते तक्ते या बाबतीत जास्त कामाचे आहेत, आणि ते एकट्यादुकट्या माणसाला जमलेच नसते.

मोठ्या लिलावांकडे पाहणारा म्हणेल, की तिथे तर हॅटची किंमत तिच्या फेल्टवर नसतेच, ती घालणाऱ्यावर असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये फ्रान्समधल्या फोंतेनब्लो इथे नेपोलियनची काळी दोन टोकांची हॅट १९ लाख युरोंहून जास्त किमतीला गेली. नेपोलियनने आयुष्यात सुमारे १२० हॅट वापरल्या असं मानलं जातं. त्याच कारागिराने त्याच काळात दुसऱ्या एखाद्या अधिकाऱ्यासाठी बनवलेली तशीच हॅट या किमतीच्या जवळपासही जाणार नाही, आणि दोन्हींच्या घामपट्ट्या उलटवून हा फरक दिसणार नाही. म्हणजे खुणा वाचण्याचं हे शास्त्र सगळ्यात महत्त्वाच्या प्रश्नापाशी तोकडं पडतं का? पडतं. पण त्यातून निष्कर्ष निघतो तो असा की, कुणी बनवली, केव्हा बनवली आणि कुणी घातली हे तीन वेगळे दावे आहेत आणि त्यांच्या पुराव्यांची ताकद सारखी नसते. कुणी बनवली हे बहुतेक वेळा सांगता येतं. केव्हा, हे दशकाच्या आतबाहेर सांगता येतं. कुणी घातली हे वस्तू स्वतः जवळजवळ कधीच सांगत नाही. त्यासाठी एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचे कागद लागतात, मालकीची न तुटलेली साखळी लागते. घामपट्टीवर टोचून उमटवलेली आद्याक्षरं पाहून अनेकजण पाघळतात, पण ती टोचून देणं ही दुकानाची नेहमीची सेवा होती आणि दोन अक्षरांत हजारो माणसं मावतात. वर्णनात 'आजोबांची हॅट' असं लिहिलेलं असलं तर ते खोटं मानायचं कारण नाही, फक्त त्याचे वेगळे पैसे मोजायचं कारण नाही.

आणखी एक माणूस या साऱ्या खटाटोपाकडे पाहून विचारतो, की हॅट डोक्यावर बसते, छान दिसते, मग ती १९३८ ची की १९५८ ची याने काय बिघडतं? घालण्यापुरती हॅट हवी असेल तर खरंच काही बिघडत नाही, आणि जुन्या हॅट घालणाऱ्यांमुळेच त्या टिकल्या आहेत. पण लिलावाच्या वर्णनात वर्ष लिहिलं जातं तेव्हा ते एक विधान असतं आणि त्याच्यावर पैसे मागितले जातात. पुढे त्याच विधानावरून चित्रपटातले पोशाख ठरतात, संग्रहालयातल्या पाट्या लिहिल्या जातात, आणि मग पाटीवरून पुन्हा लिलावातलं वर्णन लिहिलं जातं. आपल्याकडच्या सोला हॅटची हीच गत झाली आहे. बाशिंगाच्या भेंडाचा तोच हलका गर. त्याची बनवलेली, वरून खाकी किंवा पांढरं कापड चढवलेली ही हॅट साहेबांबरोबर इथल्या इंजिनिअरांच्या, जंगलखात्याच्या अधिकाऱ्यांच्या डोक्यावरही होती आणि अनेक घरांतल्या जुन्या फोटोंत ती दिसते. आता परदेशी लिलावांत 'वसाहतकालीन' म्हणून जे विकलं जातं त्यात पर्यटकांसाठी आणि नाटक-सिनेमासाठी बनलेला नवा माल मिसळलेला असतो. तिथेही पाहायचं ते आतच. भेंडाची हॅट हातात घेतली की वजन लागत नाही, दाबलेल्या पुठ्ठ्याची जड असते. फोटोत वजन दिसत नाही, पण अस्तराच्या सुटलेल्या कडेखालून भेंडाचा पांढरा भुसभुशीत पोत दिसतो. विक्रेत्याकडे तेवढ्या कोपऱ्याचा फोटो मागता येतो, आणि तराजूवर ठेवून वजनही विचारता येतं.

राहता राहिली दुरुस्ती. माझी सगळ्यात मोठी तक्रार इथेच आहे. जुनी हॅट हाती आली की पहिली इच्छा होते ती स्वच्छ करण्याची. तडकलेली घामपट्टी काढून नवी मऊ पट्टी शिवली जाते, अस्तर बदलतं, रिबीन नवी लागते, फेल्ट घासून, वाफवून ठोकळ्यावर चढवलं जातं. हॅट पुन्हा घालण्याजोगी होते आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. वापरातली वस्तू वापरात राहावी. पण त्या कामात मापाचा तुकडा, संघटनेचं लेबल, पट्टीच्या पाठीवरचे आकडे कचऱ्यात जातात, आणि पुढच्या लिलावात त्या हॅटच्या बाजूने बोलायला फक्त सोनेरी ठसा उरतो, तोही कारागिराने जपून ठेवला असेल तर. शिवण उसवण्याआधी पट्टीच्या मागच्या बाजूचे, फेल्टवरच्या डागाचे आणि रिबिनीखालच्या रंगाचे चांगल्या उजेडात फोटो काढावेत. निघालेली पट्टी आणि चिटोरे आम्लरहित कागदात गुंडाळून त्याच हॅटच्या खोक्यात ठेवावेत. काय बदललं, कुणी आणि कुठल्या साली, हे पेन्सिलीने एका कार्डावर लिहून ते नव्या पट्टीच्या मागे सरकवून द्यावं, आणि हॅट पुन्हा विकायला काढली तर लिलावातला पहिला फोटो त्या कार्डाचा लावावा.